मी ओरडले नव्हते

घोळ माझ्या आईच्या आवाजानं झाला. पण फोन स्पीकरवर मी ठेवला होता, म्हणजे घोळ माझाच. जपान लांब आहे, तेव्हा आवाजही तेवढाच ताणून पाठवायला हवा, असा बार्शीत बसलेल्या माझ्या आईचा समज आहे. मी खिडकी उघडी टाकून भांडी घासायचो आणि आई चुलतबहिणीच्या लग्नात कुणी कुणाला कसली साडी नेसवली, हे अख्ख्या कावासाकीला ऐकवायची. असे बरेच रविवार गेले. मग बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीची चिठ्ठी आली. परदेशी बाईंच्या मोठ्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो, असं त्यात अगदी नम्रपणे लिहिलं होतं.

ती माझ्याकडे नाही, खालच्या मजल्यावर सत्यजितदादांकडे आली. बिल्डिंगमध्ये परदेशी बाई एकच, त्यांची बायको. संपदावहिनी.

दादा आमच्या कंपनीत माझे सीनियर. इथे दहा वर्षं काढलेला माणूस. चिठ्ठी वाचून त्यांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. संध्याकाळी स्टेशनातून मिठाईचे सुबक डबे आणले, वहिनींना बरोबर घेतलं आणि आजूबाजूच्या तिन्ही दारांवर जाऊन कमरेत वाकून माफी मागितली. स्वतः वाकले, शेजारी बायकोला वाकवलं. जिन्यात वहिनी म्हणाल्या, "पण मी ओरडले कधी?"

दादा म्हणाले, "हळू बोल."

या दोन शब्दांवर त्या बाईचा संसार चालला होता. इस्लामपूरच्या शाळेत वहिनी पी.टी.च्या बाई होत्या. सव्वीस जानेवारीला माइक बंद पडला तर मुख्याध्यापक त्यांना पुढे करायचे. त्यांनी 'सावधान' म्हटलं की पोरं सोडा, पाहुणे म्हणून आलेले सभापतीही पाय जुळवायचे. ही बाई लग्न होऊन इथे आली आणि भिंती पातळ निघाल्या. फोडणी टाकताना हळू, मुलीला हाक मारताना हळू, ट्रेनमध्ये तर ओठ हलवायचे नाहीत. लेक ओवी आता दुसरीत आहे. ती आईला जपानीतच म्हणते, "मामा, उरुसाई." म्हणजे आई, कलकल करू नकोस. वहिनी तेही हसून घ्यायच्या. सकाळी बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या किचनमध्ये पार्टटाइम काम, दुपारी घर, आणि दिवसभर कुजबुजणं.

चिठ्ठीचं कळल्यावर मी ऑफिसला जाताना दादांना सगळं सांगितलं. मला वाटलं, मला झापतील. ते म्हणाले, "मिटलंय ना आता? तिला सांगू नकोस. ती उगाच उकरून काढेल."

"पण दादा, वहिनी काही न करता वाकल्या."

"इथे सगळेच वाकतात, सुशांत. पैसे पडतात का?"

माझं डोकं असं तापलं की उतरायचं स्टेशन गेलं. आमच्यातल्या या शहाण्या लोकांचा मला फार राग आहे. ऑफिसात जपानी साहेबाच्या चुकीवर बारीक आवाजात 'सान, सान', म्हणजे 'साहेब, साहेब' करून पांघरूण घालतील, आणि घरी न केलेली चूक बायकोच्या गळ्यात घालून 'अॅडजस्ट कर' म्हणतील. त्याच संध्याकाळी मी वहिनींना सांगून टाकलं.

त्या कोबी चिरत होत्या. सुरी थांबली.

"त्याला माहीत आहे?"

"सकाळपासून."

"तुझ्यावर नंतर चिडते," त्या म्हणाल्या, "आधी रांगेत तो आहे."

रात्री खालून काहीही ऐकू आलं नाही. भांडणही त्यांना कुजबुजतच करावं लागलं असणार. दुसऱ्या दिवशी एवढंच कळलं: त्याच तीन दारांवर जाऊन 'ती माझी बायको नव्हती' असं सांग, असं वहिनी म्हणाल्या, आणि दादांनी 'लोक काय म्हणतील' म्हणून नकार दिला.

पुढच्या आठवड्यात स्टेशनमागच्या बाजाराची जत्रा होती. तिथे दरवर्षी एक स्पर्धा असते. नवरा-बायकोनं समोरासमोर उभं राहायचं, एकानं दुसऱ्याला मनातलं ओरडून सांगायचं, आणि यंत्रावर आवाज मोजायचा. कुजबुजणाऱ्या देशात वर्षातून एकदा प्रेम करायची ही सोय. बक्षीस म्हणजे तिथल्याच फ्रेंच हॉटेलात दोघांचं जेवण. हॉटेलचा मालक जुन्या काळातला फ्रेंच सरदार असल्यासारखा मखमली कोट आणि पांढऱ्या केसांचा टोप घालून परीक्षक म्हणून बसतो. वहिनींनी नाव दिलं. दादा खूश. बायकोचा राग गेला, असं त्यांना वाटलं.

एक आजोबा 'चहा छान करतेस' असं ओरडले. एका पोरानं ओरडता ओरडता रडून घेतलं. मग वहिनी चढल्या. समोर दादा, गर्दीत आमची अख्खी बिल्डिंग. वहिनींनी टाचा जुळवल्या, छाती भरली.

"सत्यजित, मी ओरडले नव्हते."

कबुतरं उडाली. यंत्राचा काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन टेकला. मखमली सरदारानं टोप सावरला. ओवीनं कानांवरचे हात काढले आणि आईकडे बघत राहिली.

मराठी न कळलेल्या निवेदकानं माइक दादांपुढे धरला. बाईसाहेब काय म्हणाल्या? दादांनी गर्दीकडे बघितलं, शेजाऱ्यांकडे बघितलं, आणि छान जपानीत सांगितलं, "माझ्यावर फार प्रेम आहे म्हणते."

टाळ्या. मला तर स्टेजवर चढून त्यांचा टाय ओढावासा वाटला.

पण बेंतोच्या किचनमध्ये जपानी बोलावंच लागतं. वहिनींनी माइक काढून घेतला आणि अगदी हळू, मोडक्या जपानीत म्हणाल्या, "प्रेमाचं नाही म्हटलं. आवाज माझा नव्हता. नवऱ्याला ठाऊक आहे. मिठाईचे डबे परत द्या."

लोक आधी हसले. मग शेजारच्या मोरितासान, पांढऱ्या केसांच्या बाई, गर्दीतून पुढे आल्या आणि वहिनींसमोर वाकल्या. हसू तिथेच थांबलं. दादांचे कान लाल झाले होते.

पहिलं बक्षीस वहिनींना मिळालं. जेवायला त्या मोरितासानना घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी दादा माझ्याकडे वरणभात खात बसले होते.

"तू तरी सांगायचं नव्हतंस," ते म्हणाले.

"दादा, मीठ कमी असेल तर सांगा. बाकी काही सांगू नका."

त्यांनी भातावर मीठ भुरभुरलं. मग म्हणाले, "तिच्याशी बोललो तर उत्तरच देत नाही रे. नुसती बघते." आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला घरातली शांतता खुपत होती.

दुसऱ्या दिवशी ते मिठाईचा डबा न घेता, बायकोला न घेता, एकटे निघाले. मोरितासानकडे सांगून आले. समोरच्या जोडप्याला सांगून आले. तिसरं दार तक्रार करणाऱ्याचं. ते काका तुसडे आहेत.

"त्यांच्याकडे दिवा नव्हता," परत येऊन दादा वहिनींना म्हणाले. "उद्या बघतो."

मी बाल्कनीतून खाली वाकून बघितलं. दिवा चालू होता.

याला आता महिना झाला. वहिनी ओवीला खालून मोकळ्या गळ्यानं हाक मारतात. दादा रोज त्या तिसऱ्या दारावरून ऑफिसला जातात. जाताना चाल थोडी वाढवतात.