मामांचं कोपर आणि समुद्राचं पाणी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर अर्जांखेरीज काही लिहिलेलं नाही. तेव्हा हा आगाऊपणा वाटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण हात लावल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा, माझ्या मोठ्या मामांसारखा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा नसेल.

त्यांच्या गावात, केनवडात, कुणाला ताप आला की मामा आधी त्याच्या गळ्याला हात लावत, मग त्याच्या बैलाच्या कानाला, तुलनेसाठी. चहा पिण्याजोगा झाला का, हे करंगळी बुडवून सांगत. बशी पाहुण्याची असे. एकदा वाशीमच्या स्टँडवर बसच्या बॉनेटवर तळवा ठेवून "इंजन थंड हाय, गाडी आता हालत नाई," असं त्यांनी जाहीर केलं. निम्मी माणसं चहाला गेली आणि बस निघून गेली. मामाही चहालाच गेले होते.

मात्र गावात लग्न असलं की हळदीनंतर नवरदेवाच्या न्हाण्याचं पाणी पाहण्याचा मान त्यांचाच. बाही दुमडून ते घंगाळात कोपर बुडवत, डोळे मिटत, "होऊ द्या" म्हणत. त्याशिवाय तांब्या हलत नसे.

अशा माणसाला मी सांगितलं की आता उपग्रह समुद्राच्या पाण्याची उष्णता आभाळातूनच मोजतो. "हात न लावता?" त्यांनी आठवडाभर पुन्हापुन्हा विचारलं.

गावातच दिलेल्या मावशीच्या थोरल्या मुलाच्या लग्नात मामांनी बाही दुमडलीच नाही. घंगाळावर हातभर उंच तळवा धरला. वारा वाफ पलीकडे उडवत होता. "थंडच हाय, वता." पहिल्याच तांब्याला नवरदेव पाटावरून उडाला. "मामा, मले नवरदेव करून राह्यले का कोंबडं?" सारा मांडव हसला. पुढच्या लग्नात पाणी दुसऱ्याच कुणी पाहिलं. मामा पंगतीच्या टोकाला बसले.

कॉलेजात परतल्यावर मी भीतभीत प्राध्यापकांना विचारलं, उपग्रह हात न लावता हे बरोबर कसं मोजतो. ते म्हणाले, मधे ढग किंवा वाफ आली की उपग्रहही चुकतो, आणि त्याला कळतो तो पाण्याचा वरचा पापुद्राच. म्हणून जहाजावरची माणसं बादलीने समुद्राचं पाणी काढून त्यात तापमापक बुडवतात, आणि आकडा ताडून पाहतात. सुट्टीत जाऊन मी हे मामांना सांगितलं.

"म्हंजे शेवटी बुडवाच लागते," एवढंच म्हणून ते कोपर चोळत बसले.

मावशीच्या धाकट्याच्या लग्नाला परीक्षेमुळे मला जाता आलं नाही. परवा त्या लग्नाला गेलेले, जऊळका गावचे काका भेटले, तेव्हा कळलं. पाणी तापलं होतं, पण थोरला अडून बसला की मामा आल्याशिवाय भावाच्या अंगावर थेंब पडणार नाही. शेवटी तोच त्यांना घेऊन आला. मामांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग बाही दुमडली. कोपर बुडवलं. काका म्हणाले, पाणी बरोबर होतं.