ताईनं सांगितलेलं नाव

एसटीत एकाच्या टी-शर्टवर ताईच्या त्या गाण्यांच्या अल्बमचं काळं कव्हर छापलेलं दिसलं आणि परंड्यातली उन्हाळ्याची एक दुपार आठवली. बाळंतपणात बाळ गेल्यापासून ताई दार लावून तोच इंग्रजी अल्बम ऐकायची. "मढं निघाल्यागत गाणी कशाला ऐकतीस गं?" म्हणत आई दाराबाहेर रडत होती. मी आत गेलो, तर ताईनं इअरफोन जोडले आणि एक माझ्या कानात घातला. रिकामी टाकी बडवावी तसे ड्रम, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा एका माणसाचा थंड आवाज. ताई म्हणाली, "सगळी म्हणतात, दुसरं होईल. ह्यो एकटाच तसं म्हणत न्हाय." शेवटचं गाणं संपलं तेव्हा तिनं बाळाचं मनातल्या मनात ठरवलेलं नाव मला सांगितलं आणि पहिल्यांदाच ढसाढसा रडली. ते नाव आजही आम्हा दोघांनाच माहीत आहे.