मावशींच्या लेकीचे केस

मला सांभाळून घेतलं ते आमच्या घरमालकीण मावशींच्या लेकीनं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ती माझी वैरीण होती.

आठवीत शाळा सुटली आणि थोड्या वर्षांनी मी परभणीकडून पनवेलला आले. खांदा कॉलनीतल्या एका पार्लरमध्ये काम मिळालं आणि जवळच्याच गावात, मावशींच्या घरामागे, राहायला खोली. मावशी आगरी. त्यांच्या न्हाणीच्या भिंतीलगत कोरफड अशी माजलेली की जाता-येता पायाला टोचायची. कुणाला खोकला झाला की मावशी पान भाजून, रस पिळून, हळद घालून द्यायच्या. हात पोळला की गार गर लावायच्या. हे सगळ्यांसाठी. पण रविवारी खोबरेल तेलात कोरफड कढायची, ती फक्त लेकीसाठी.

लेक माझ्याच वयाची. खारघरला कॉलेजात जायची. केस कमरेच्या खाली. मावशी तिला पायरीवर बसवून तेल जिरवायच्या आणि ही कुरकुरायची, "आई, बस ना गं! सगळ्या म्हणतात, तुझ्या डोक्याला वास येतो."

"येऊं दे. त्यांच्या डोक्याला केस तरी हायत का?"

मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसलेली असायचे. केसांचा हेवा वाटायचा, कॉलेजचाही वाटायचा, पण सगळ्यात जास्त त्या कुरकुरण्याचा. आई डोक्यावरून हात फिरवतेय आणि पोरगी म्हणते, बस. माझी माय फोनवर "जेवलीस का" विचारायची, तेवढ्यात आवाज तुटायचा.

त्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. ताप गेला आणि काही दिवसांनी केस जायला लागले. उशीवर केस, भातात केस. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आजारानंतर असं होतं, नीट जेवा, येतील परत. पण पार्लरच्या मॅडमना एवढा धीर कुठला?

"अगं, बायका इथं केसांसाठी येतात. तुझा भांग बघून कोण डोकं देईल तुझ्या हातात? दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर गावी जाऊन आराम कर."

गावी कसला आराम! तिथं माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. काम गेलं की लग्न, एवढं सरळ होतं ते. माझी झोपच उडाली.

तेव्हा माझ्या डोक्यानं घेतलं की ह्या पोरीच्या केसांत जे काही आहे ते त्या कोरफडीतच आहे. पार्लरमध्ये गर बरणीतून यायचा, हिरवागार, काढला की लगेच चोळायचा. मला तेवढंच ठाऊक. मी भिंतीलगतचं एक जाड पान तोडलं, चिरलं आणि तसंच्या तसं टाळूवर घासलं. पिवळं पाणी कानामागे ओघळलं. मला वाटलं, हेच औषध असेल. विचारणार कुणाला? जिचा हेवा करायचा, तिच्याच आईला?

दुपारपर्यंत टाळू पेटली. कपाळापर्यंत लाल गांधी उठल्या. मी ओढणी गच्च बांधून बसले होते, तर ही कॉलेजातून आलेली दारात उभी.

"ए, ओढणी काढ बघू."

काढली. लाल टाळू आणि बाजूला पडलेलं चिरलेलं पान बघून ती हसायलाच लागली. इतकी हसली की तिची वेणी धरून ओढावी असं वाटलं मला.

"वेडी! पार्लरवाली ना तू? चीक चोळलास! कापलेलं टोक खाली करून पान उभं ठेवायचं, पिवळं सगळं गळू द्यायचं. मग धुवायचं, मग गर काढायचा."

बोलता बोलता तिनं बादली ओढली आणि माझं डोकं धुवायला घेतलं. धुताधुताच ओरडली, "आई, रविवारी तेलाला ही पण बसेल गं!"

"मंग ती कदी बोलली का, मला बी लावा?" मावशी आतून म्हणाल्या. "बसू दे. आमी नाय बोललो का कदी?"

खाज गेल्यावर मावशींनी मला पायरीवर घेतलं. "ह्ये केस हायत का कोंबडीचं पिल्लू?" म्हणाल्या आणि तेल लावलं. गार वाटायचं, कोंडा गेला, एवढं खरं. पुढे बारीक केस उगवले ते तेलानं की डॉक्टर म्हणाले तसे आपसूक, ते मला सांगता येणार नाही.

पण केसांच्या आधी दिवाळी आली. मॅडम येता-जाता माझा भांग बघायच्या, त्याचीच भीती जास्त. तेवढ्यात एका दुपारी ही चार मैत्रिणी घेऊन पार्लरमध्ये हजर. मॅडमनी दुसऱ्या मुलीला पुढं केलं, तर ही म्हणाली, "नको. माझे केस हीच बघते. पहिल्यापासून."

धडधडीत खोटं. त्या दिवसापर्यंत मी त्या केसांना बोटही लावलं नव्हतं.

मी पाणी सोडलं. केस ओले झाले आणि मनगटावर एवढे जड पडले की मला रडूच आलं. ती माझं काम वाचवायला आली होती आणि मी मनात म्हणत होते, ह्यातले निम्मे तरी माझे का नाहीत? मैत्रिणी विचारत होत्या, "तू काय लावतेस हिला?" मी काहीतरी सांगत होते. मॅडम ऐकत होत्या. गावी जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

परतताना रिक्षात आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, "तुझे केस लई जड आहेत."

"घे मग थोडे," ती हसत म्हणाली. द्यायचंसुद्धा तिला इतकं सोपं. मला पुन्हा राग आला.

लग्न होऊन ती उलव्याला गेली. परवा भेटली तर केस खांद्यापर्यंत कापलेले. म्हणे, वेळ कुठंय? मी घरी येऊन तिच्या केसांसाठी रडले. ती मात्र अजिबात रडली नसणार.

मी अजून दुसऱ्याच्याच पार्लरमध्ये आहे. पण एक दिवस माझं स्वतःचं होईल, आणि मी कबूल करते, त्यातल्या पहिल्या खुर्चीत तीच बसेल. तिचे उरलेले केस मी माझ्या हातानं धुवीन, आणि तेव्हा तरी मनात काही ठेवणार नाही.