सात गोळ्यांचा तक्ता

नरकचतुर्दशी, सकाळी सव्वाअकरा. बेळगावातल्या एका खासगी रुग्णालयाचा तातडीचा विभाग. अनामत भरली चाळीस हजार रुपये, पावती माझ्या नावावर. हजर : माझे वडील आण्णा, वय शहात्तर, खाटेवर, आई, वय एकाहत्तर, खाटेच्या पायथ्याशी, दिवाळीसाठी पुण्याहून आलेला धाकटा भाऊ विजय, आणि मी.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "सोडियम एकशे चौदा आहे. याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. रक्तातलं मीठ धोक्याइतकं कमी झालंय."

"किती असायला पाहिजे?"

"एकशे पस्तीसच्या वर."

मी खिशातल्या वहीत दोन्ही आकडे लिहिले. मी एका फौंड्रीत स्टोअरचा हिशेब बघतो. आकडा लिहिला की मला धीर येतो. पण मनात पहिला विचार आला तो असा : मिठाचं एवढं काय? मिठासाठी आयसीयू? सणाचे दिवस, खाटा रिकाम्या, म्हणून तर नव्हे?

हे लिहितोय ते अशा घरांसाठी, जिथे म्हातारी माणसं अचानक वेगळं वागू लागतात आणि सगळे म्हणतात, वयच झालं. त्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

आण्णा पोस्टमन होते, निपाणीत आणि आसपासच्या खेड्यांत. आईनं चाळीस वर्षं घरी बसून विड्या वळल्या. बोटं आखडली तेव्हा सूप माळ्यावर टाकलं. दोघं निपाणीच्या आपल्या घरात राहतात. मी बेळगावाजवळ पिरनवाडीत. दिवाळीला नातवंडं जमली की आण्णांचा एक खेळ ठरलेला. पोरांनी गावाचं नाव घ्यायचं, आण्णांनी पिनकोड सांगायचा. संकेश्वर, चिकोडी, कागल, खानापूर. सहाच्या सहा आकडे, न अडखळता.

आण्णांना रक्तदाब आहे, साखर आहे. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं तेव्हा विजयनं त्यांना कोल्हापूरचा हृदयाचा डॉक्टर गाठून दिला. त्याआधीपासून ते बेळगावच्या डॉक्टरकडे जातच होते, कारण त्यांचं पेन्शनरांचं कार्ड इथे चालतं. निपाणीच्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. दोन्हीकडे बस आहे. एक डॉक्टर उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि दोघांचे कागद माझ्या फायलीत.

दसऱ्याला मी सोनं द्यायला निपाणीला गेलो. साखरेसाठी आईनं फडताळातून डबा काढला, तेव्हा मागचा बिस्किटाचा डबा खाली पडला. त्यातून गोळ्या सांडल्या. सुट्या, पांढऱ्या, एकसारख्या. मी मोजल्या. त्रेपन्न.

"हे काय गं?"

"काय न्हाय. दोनी दिल्या की तेस्नी गरगरतंय. एक बाजूला काढती. डबा भरला की टाकून देती."

"डॉक्टर झालीस काय तू?"

आईनं गोळ्या एकेक वेचून परत डब्यात टाकल्या.

मला सरळ शंका आली की आई विसरते. गोळ्या द्यायचं राहतं आणि मग कारण सांगते. त्याच दिवशी दोघांना पिरनवाडीला आणलं. कॉम्प्युटरवर तक्ता केला : सात गोळ्या, वेळा, रकाने, सही. आठवड्याचा खणांचा डबा आणला. गोळ्या भरायच्या मी, द्यायच्या मी, खूण करायची मी. बायको शैला म्हणालीसुद्धा, "आईंना एकदा नीट विचारा तरी." मी म्हणालो, "विचारलंय."

रक्तदाबाचं यंत्रही आणलं. पहिल्याच आठवड्यात आकडे इतके खाली आले की मी खूश होऊन विजयला फोटो पाठवला. आण्णा घसा कोरडा पडतो म्हणाले, तर एक लिटरच्या तीन बाटल्या भरून ठेवल्या. संध्याकाळपर्यंत संपायलाच हव्यात.

नवव्या दिवशी आण्णा भिंत धरून चालायला लागले. अकराव्या दिवशी जेवण अर्ध्यावर आलं. वसुबारसेला विजय बायकोपोरांसह आला. पोरांनी खेळ मांडला. पहिलंच गाव त्यांनी सोपं दिलं : निपाणी.

आण्णा चार आकडे बोलले आणि थांबले. मग पहिल्यापासून, पुन्हा चारच. पोरं हसली, त्यांना वाटलं आजोबा गंमत करतायत. आई हसली नाही.

त्यानंतर आण्णांना संशयानं घेरलं. माझी पत्रं कोण फोडतंय? करंज्या कोण मोजतंय? विजय दारात फोनवर बोलत होता तर म्हणाले, घराचा सौदा करतोय. धनत्रयोदशीला मी सकाळच्या गोळ्या पुढे केल्या, तर हात झटकला.

"ह्यो मला इख घालतोय! तुमी समदी बघताय काय?"

शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गोळ्या परत वेचल्या, गुळाच्या खड्याबरोबर कशाबशा दिल्या, रकान्यात खूण केली.

दुपारी विजय मला गच्चीवर घेऊन गेला. "दादा, हा डिमेन्शिया आहे. स्मृतिभ्रंश. यातून परत येत नाहीत. निपाणीचं घर बंद करू. आईला एकटीला आवरणार नाही. पुण्यात एक केंद्र बघून ठेवलंय." केंद्र बघून ठेवलंय, याचा अर्थ त्यानं आधीच ठरवलंय, अशी शंका मला आली. पण मीही नाही म्हणालो नाही. दोघांना वेगळं करायचं, हे आम्ही गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांशेजारी, वीस मिनिटांत ठरवलं.

चतुर्दशीला सकाळी सहाला आण्णांना उटणं लावायला पाटावर बसवलं, तर त्यांना आई ओळखू येईना. उठायला गेले आणि कोसळले. तिथून थेट रुग्णालय.

डोक्याचा सीटी स्कॅन झाला. वयाच्या मानानं ठीक. मग हा सोडियमचा आकडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भ्रम यानंसुद्धा होतो. डिमेन्शियाचं आत्ता काही बोलू नका. आधी हे वर आणू."

"मग लवकर आणा."

"लवकर नाही. हळू. चोवीस तासांत आठच्या वर जाऊ द्यायचं नाही. झटकन वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते."

माझा विश्वास बसला नाही. जितकं हळू तितकं बिल जास्त, असा मी हिशेब केला. आयसीयूबाहेरच्या लोखंडी बाकावर बसून दर तपासणीचा आकडा लिहीत राहिलो. संध्याकाळी सहाला ११७. लक्ष्मीपूजनाला सकाळी सहाला १२०. अकराला १२१. एका दिवसात सात. बाई बोलल्या होत्या त्या मर्यादेत. तरी मी नर्सला विचारलंच, दर सहा तासांनी रक्त काढायची खरंच गरज आहे का.

नर्स कन्नड होती. आत जाताना दर वेळी आण्णांना विचारायची, "अज्जा, निम्म ऊरु यावदु?" गाव कुठलं. आण्णा तिच्याकडे संशयानं बघायचे आणि तोंड मिटून घ्यायचे.

त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. मी अभिमानानं तक्ता पुढे ठेवला. त्यांनी वरून खाली पाहिला.

"ही नावं कंपन्यांची आहेत. मला कागद नको, घरातली सगळी पाकिटं आणा."

"तक्त्यात सगळं आहे."

"तरी आणा."

आता ही औषधं बंद करून इथली घ्यायला लावणार, असं म्हणत मी पिरनवाडीला गेलो आणि पिशवी भरून आणली. तोपर्यंत आई बाईंच्या समोर बसली होती. विजय दाराशी उभा होता.

बाईंनी पाकिटं टेबलावर मांडली. त्यातली दोन उचलली, उलटी केली आणि माझ्यापुढे सरकवली. मागची अक्षरं बारीक होती. मी चष्मा लावला. कोल्हापूरच्या गोळीचं नाव वेगळं, बेळगावच्या गोळीचं वेगळं. कंपन्या वेगळ्या. आतलं औषध अक्षर न् अक्षर एकच : रक्तदाब उतरवणारं एक आणि डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवून शरीरातलं मीठ-पाणी बाहेर काढणारं एक.

"या दोन्ही रोज दिल्यात?"

"हो."

"कधीपासून?"

"सतरा दिवस."

"आणि त्याआधी?"

उत्तर आईनं दिलं. "आदी म्या देत हुती. एकच. कोल्लापूरचं पाकीट आल्यापास्नं दोनी दिलं की तेस्नी चक्कर यायची, दिसभर मोरीकडं पळायचे. मग एक द्यायची, एक छाट काढायची."

छाट म्हणजे नापास विड्या. कारखान्यातला तपासणारा, चेकर, बोटानं दाबून ज्या बाजूला टाकी, त्या. त्यांची मजुरी मिळत नसे. विड्या कारखान्यात देऊन आई घरी आली की आधी छाट किती गेली ते सांगायची, मग चूल पेटवायची.

"तुम्ही कुठल्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"सांगत्यात व्हय कुनी डाक्टरला, तुमची गोळी छाट काढली म्हून?" आई म्हणाली. "ह्याला सांगितलं हुतं."

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी पाण्याच्या बाटल्यांबद्दल विचारलं, तेव्हा मी स्वतःच सांगितलं : रोज तीन लिटर. त्यांनी मान हलवली. जास्तीच्या पाण्यानं रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. म्हणजे एका हातानं मीठ काढत होतो आणि दुसऱ्या हातानं पाणी ओतत होतो, आणि दोन्हीच्या खुणा तक्त्यात नीट केलेल्या होत्या. माझी मोजणी कुठेच चुकली नव्हती.

"गोळी स्वतःच्या मनानं बंद करणं बरोबर नाही," बाई म्हणाल्या, आणि त्या विजयकडे बघून बोलत होत्या की माझ्याकडे, ते कळलं नाही. "पण या बाईंनी काढून ठेवली नसती, तर हे दोन वर्षांपूर्वीच झालं असतं."

बाहेर येऊन मी त्याच बाकावर बसलो. आतापर्यंत मी रुग्णालयावर संशय घेतला, स्कॅनवर, नर्सवर, भावावर, आईच्या आठवणीवर. या घरात खरं काय चाललंय हे फक्त दोघांना कळलं होतं. एकीनं गोळ्या बाजूला काढल्या. दुसरा ओरडून सांगत होता की पोरगा इख घालतोय, आणि त्याला आम्ही गूळ भरवला.

एक भीती मात्र उरली होती. औषध थांबलं, आकडा चढला, पण आण्णा परत येतील का? बाई म्हणाल्या, "बहुतेक येतील. खात्री आत्ता देत नाही." मला त्यांचं ते खात्री न देणं पहिल्यांदाच पटलं.

पाडव्याला सकाळी १२५. आण्णांनी आईचा हात धरला, पण नाव घेतलं नाही. पाडव्याला आई त्यांना ओवाळते आणि ते पेन्शनीतले पाचशे एक ताटात घालतात, निवृत्त झाल्यापासूनचा नेम. आईनं निरांजन आणलं होतं. आयसीयूत पेटवू देत नाहीत. तिनं ते पिशवीत तसंच ठेवलं.

भाऊबीजेला १२९, आणि आण्णा वॉर्डात आले. दुपारी नर्सनं नेहमीप्रमाणे विचारलं, "अज्जा, निम्म ऊरु यावदु?"

"निप्पाणी," आण्णा म्हणाले. मग जरा थांबून, कन्नडमध्येच, एकेक आकडा सुटा करत त्यांनी पिनकोड सांगितला. सहाच्या सहा. नर्सला त्यातलं काही विशेष वाटलं नाही. ती ताप बघून निघून गेली. विजय भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नंतर त्यानं पुण्याच्या केंद्राचा नंबर फोनमधून पुसून टाकला, मला दाखवून.

सहाव्या दिवशी १३३, आणि घरी जायची परवानगी. दोघांनाही आधी निपाणीलाच जायचं होतं. गाडीत मी आण्णांना सांगून टाकलं. दोन्ही गोळ्या मीच देत होतो. आई नको म्हणत होती.

"मला त्यातलं काय आठवत न्हाय," आण्णा म्हणाले. "पन विजू सांगतोय, मी इख म्हनलो हुतो म्हून. बरोबर बोललो की रं!" आणि हसायला लागले. हसताना अजून धाप लागत होती.

आई मागून म्हणाली, "चेकरनं आमची छाट जल्मभर काढली. आज चेकरच छाटीत गेला."

तुमच्या घरात दोन डॉक्टरांची औषधं चालू असतील तर एवढं करा. यादी नेऊ नका, पाकिटं न्या, आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा. पाकिटं उलटी करून मागचं वाचा. आणि ज्या हातानं गोळ्या दिल्या जातात त्या माणसाला बसवून विचारा, उत्तर पुरतं ऐकून घ्या. मी विचारलं होतं. ऐकलं नव्हतं.

आता गोळ्या पाच आहेत. कोल्हापूर आणि बेळगाव, दोन्ही डॉक्टरांच्या सह्या एकाच कागदावर आहेत. खणांचा डबा आईकडे आहे. तक्ता मी फाडला नाही, फायलीत तारखेनं लावून ठेवलाय.

रुग्णालयाचं बिल मी प्रत्येक ओळ तपासून भरलं. दर सहा तासांच्या रक्ततपासण्याही मोजल्या. एकही जास्तीची निघाली नाही. अनामत धरून एक लाख अठरा हजार सहाशे, रुग्णालयाला.

निपाणीला पोचल्यावर आईनं पिशवीतलं निरांजन काढून पेटवलं आणि पाडव्याची राहिलेली ओवाळणी केली. आण्णांनी उशीखालचं पाकीट मागितलं. दोनशेच्या दोन, शंभराची एक आणि रुपयाचं नाणं. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. स्वतः मोजले, दोनदा. पाचशे एक, आईला. आईनं ताट खाली ठेवून परत मोजले.