बाराव्याचा गॉगल

बाबांना जाऊन तीनच दिवस झाले होते तेव्हा माझ्या भावानं त्यांचा गॉगल घातला. भेटायला येणाऱ्यांसाठी तो फाटकापाशी उभा होता, धारचं वैशाखातलं ऊन होतं आणि गॉगल टेबलावर पडलेला होता, एवढंच कारण. कुणी गळ्यात पडून रडलं की तो गॉगल कपाळावर चढवायचा, माणूस आत गेलं की पुन्हा डोळ्यांवर ओढायचा. कोपऱ्यावरचे एक काका त्याला म्हणाले, "अगदी वडिलांसारखा दिसतोस रे." तो हसला. ते हसू मी खिडकीतून पाहिलं आणि अजून विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. कुक्षीकडच्या कालव्यांची मोजणी करताना त्यांनी तो गॉगल घेतला आणि शेवटपर्यंत तोच वापरला. सोनेरी तारेची, थेंबाच्या आकाराची फ्रेम. बाटलीसारख्या गर्द हिरव्या, खऱ्या काचेच्या काचा. इतका जड की नाकावर दोन लाल खड्डे पडत. विचारात असले की बाबा तो काढून डाव्या दांडीचं टोक चावत. त्या टोकावरच्या प्लास्टिकवर त्यांच्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना उजेड सोसेना, मग घरातही गॉगल.

मी देवासच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. दर शनिवारी इंदूरला बस बदलून धारला यायची. गॉगलचा स्क्रू ढिला झाला की देवासला नेऊन घट्ट करून आणायची, आणि तो आठवडा बाबा पडदे ओढून बसत. भाऊ पीथमपुरात गाड्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. धारहून तासाभराचा रस्ता. तो सणाला यायचा. "बाबा, फेका हो हा डबडा," म्हणायचा, "लाइटवेट आणून देतो." मग कधीतरी त्याच्या ऑफिसात कुणीतरी तसल्याच आकाराचा गॉगल घालून आलं, आणि जुन्या पद्धतीचे गॉगल पुन्हा चालू झाल्याचं त्याला कळलं. "विंटेज" हा शब्द तो तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखा बोलायचा. तेव्हापासून त्याला धारला आल्यावर आधी गॉगल दिसे, बाबा नंतर.

बाराव्या दिवसाच्या दानाची यादी आत्यानं केली. गादी, उशी, छत्री, काठी, चपला, तांब्या. यादी संपवून ती म्हणाली, "आणि गॉगल."

"गॉगल कुठे दानात देतात, आत्या?" भाऊ म्हणाला.

"माझा भाऊ उन्हात त्याच्याशिवाय पाऊल टाकत नसे. पुढची वाट काय सावलीची आहे?"

आमच्या घरात या दानाचा एक नियम आहे. वस्तू नवी कोरी हवी, वापरलेली चालत नाही. पण गेलेल्या माणसाला ती आपलीच वाटली पाहिजे. आजोबांच्या वेळी तसल्या मुठीची काठी मिळेना म्हणून दान दुपारपर्यंत अडलं होतं, असं आत्या सांगते. म्हणजे गॉगल नवा आणायचा, पण जुन्यासारखाच.

"मग जुना?" भावानं लगेच विचारलं.

"जुना तुझा. अग्नी तू दिलास." मग आत्या माझ्याकडे वळली. "तुला काय करायचाय, अगो? पुरुषी वस्तू ती."

घर, स्कूटर, भांडी यातलं मला काही नको होतं. गॉगल हवा होता. मी मागितला नाही. आमच्यात मागत नाहीत. समोरच्यानं ओळखावं म्हणून वाट बघतात, आणि त्यानं ओळखलं नाही की जन्मभर मनात धरून ठेवतात. मीही तशीच आहे.

आठव्या दिवशी भावानं मला गाडीतून देवासला नेलं, भावजयही सोबत होती. ज्या दुकानात मी स्क्रू घट्ट करून घ्यायची, तिथेच. बाबांचा गॉगल नमुन्याला सोबत होता. दुकानदारानं तो ओळखला. "बाबूजी गेले?" त्यानं विचारलं आणि क्षणभर हात जोडले. मग एकामागून एक ट्रे बाहेर आले. गोल, चौकोनी, मांजराच्या डोळ्यांसारखे वर ओढलेले, थेंबाचे. बाबांच्या आकाराच्याच सात फ्रेमी निघाल्या. बाबांना हयातभर ज्याचा साधा सुटा भाग मिळाला नाही, तो आकार ते गेल्यावर आठ दिवसांत ट्रे भरून समोर आला.

"काच कौन सी, दीदी? ग्रे में रंग जैसे के वैसे. ब्राउन में चमक ज्यादा. ग्रीन में ठंडक."

"काळी टाकून दे ना भिया," भाऊ म्हणाला. तो आरशासमोर निळ्या चकाकत्या काचांचा एक गॉगल लावून मान वळवून बघत होता. "दानात तर द्यायचाय. अब इसमें क्या इतना सोचना."

"बाबांना ओळखता आला पाहिजे."

"ताई, बाबा वर बसून काचेचा रंग तपासणार आहेत?"

"तू नाही तपासणार. ते तपासतील."

दुकानदार खाली बघून काचा पुसू लागला.

रंग दुकानात बघायचा नाही, बाहेर पांढऱ्यावर बघायचा, हे बाबांनी मला शिकवलं होतं. मोजणीच्या नकाशांवर ते शाई अशीच पारखत. मी एका हातात बाबांचा गॉगल आणि दुसऱ्या हातात नवा असं करत एकेक हिरवा बाहेर नेला. समोरच्या दवाखान्याची चुना लावलेली भिंत होती. पहिला हिरवा पोपटी निघाला. दुसऱ्यातून भिंत शेवाळल्यासारखी दिसली. तिसऱ्याला वरून खाली फिका होत जाणारा रंग होता, तो मी हातातही घेतला नाही. चौथ्यात भिंत तशीच झाली, बाबांच्या काचेतून होते तशी, संध्याकाळ व्हायला अजून थोडा वेळ असावा तशी. मी चार-पाच वेळा आलटून पालटून बघितलं. मग आत जाऊन म्हटलं, "हा."

काचा प्लास्टिकच्या होत्या. तेवढाच फरक होता, आणि तो फक्त हाताला कळत होता.

"जुन्यालाही जरा पॉलिश मार भिया," भाऊ म्हणाला. "आता मीच घालणार आहे." दुकानदारानं बाबांचा गॉगल घासला, नाकावरच्या गाद्या बदलल्या, तार चकचकीत केली. दांडीची टोकं तशीच राहू दे, असं मी हळूच सांगितलं. दोन्ही शेजारी ठेवले तर जुळे वाटत होते. तिथे उभ्या उभ्याच माझ्या मनात आलं.

बाराव्या दिवशी सकाळी दानाचं अंथरूण मांडायचं काम माझ्याकडे होतं. बाबांच्या गॉगलचं जुनं तपकिरी रेक्झिनचं केस भावाच्या बॅगेपाशी होतं, नवं केस माझ्याकडे. मी आतल्या खोलीत दोन्ही उघडली. नवा गॉगल जुन्या केसात घातला. बाबांचा नव्यात घातला आणि उशीवर नेऊन ठेवला.

मला तो मिळणार नव्हताच. मग त्याला का मिळावा? याहून उदात्त असं काहीही माझ्या मनात नव्हतं. वापरलेली वस्तू देऊन मी घरचा नियम मोडला.

गुरुजींनी भावाच्या हातून पाणी सोडवलं, केस उघडलं, गॉगल तळहातावर घेतला. त्यांचा अंगठा डाव्या दांडीच्या टोकावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चांगला जड आहे," ते म्हणाले.

"विंटेज आहे, गुरुजी," भाऊ म्हणाला.

गुरुजींनी केस मिटलं.

वर्षभर भाऊ बाबांचा म्हणून तो गॉगल मिरवत राहिला. घरच्या ग्रुपवर त्याचे फोटो यायचे: कारखान्याच्या फाटकात, गाडीत, मुलाच्या वाढदिवसाला. खाली आत्या तिच्या नातवाकडून लिहून घ्यायची, तुझ्या तीर्थरूपांची आठवण झाली. गॉगल हातात असला की मी फोटो मोठा करून दांडीचं टोक बघायची. गुळगुळीत. एकदाही त्याच्या लक्षात आलं नाही. प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं, आणि नंतर जेवण जायचं नाही.

वर्षश्राद्धाला आम्ही पुन्हा धारला जमलो. कावळ्यासाठी पान ठेवायला गच्चीवर गेलो तेव्हा वाकताना भावाच्या खिशातून गॉगल निसटला आणि फरशीवर आपटला. दोनदा उसळला. त्यानं झडप घालून उचलला, उन्हात धरला.

"बघ ताई! ओरखडासुद्धा नाही. जुन्या काळचा माल."

"हो," मी म्हटलं.

कावळा येत नव्हता. आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो. त्यानं खिशातून ते तपकिरी केस काढलं, गॉगल आत ठेवला आणि केस माझ्या मांडीवर ठेवलं.

"हिनं मला सांगितलं," तो म्हणाला. हिनं म्हणजे माझ्या भावजयीनं. "म्हणाली, तुम्ही दुकानात बघितलं नाही का, ताई तो कसा धरून उभ्या होत्या. मी खरंच नव्हतं बघितलं. तुझाच आहे हा. स्क्रू तू लावून आणायचीस."

मी केस उघडलं. गॉगल हातात घेतला. सावलीत बसूनही तो गार लागला नाही, खरी काच अशा वेळी गार लागते. वजन नव्हतं. मी डोळ्यांना लावून गच्चीच्या पांढऱ्या कठड्याकडे पाहिलं. तोच हिरवा. मी फार चोख निवडला होता.

"ठेव ना," तो म्हणाला.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी गॉगल काढून केसात घातला आणि केस त्याच्याकडे सरकवलं.

"मला नको."

"अजून राग आहे?"

"तुला शोभतो. तुझ्याकडेच राहू दे."

शोभतो हे मी टोचायला म्हटलं होतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं गॉगल घातला, बहुधा डोळे झाकायलाच, आणि फाटकाचा आवाज आला म्हणून खाली गेला.

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. गुरुजी आले होते. दानातली छत्री नव्हती, डोळ्यांवर काही नव्हतं. हाताचा आडोसा कपाळावर धरून, डोळे बारीक करत ते उन्हातून चालत होते. दिलेल्या दानाची चौकशी करत नाहीत. खाली भाऊ वाकून त्यांच्या पाया पडला, आणि गुरुजींनी त्याच्या तोंडावरच्या गॉगलकडे पाहून मान वर केली, गच्चीकडे.