डाव्या बटणातली पाचर

कारखान्यात त्याला सगळे ‘साडेसात’ म्हणत, कारण डाव्या हाताची अडीच बोटं पत्र्याची झाकणं पाडणाऱ्या प्रेसने खाल्ली होती. तोंडावर म्हणायची छाती मात्र फार थोड्यांची. एका नव्या फिटरने ती दाखवली, तेव्हा साडेसातने त्याचं डोकं लॉकरवर असं आपटलं की ते दार पुन्हा कधी नीट लागलं नाही. माणूस कामाला वाघ, हे त्याच्याशी न पटणारेही कबूल करत. पण राग कायम नाकावर, आणि उजवा हात त्या रागाचा नोकर.

घरीही तेच. ताटं भिरकावून झाली होती, खुर्च्या मोडून झाल्या होत्या, बायकोचं मनगट दोनदा पिरगळून झालं होतं. लेकीवर त्याने कधी हात उचलला नव्हता, आणि ही गोष्ट तो चारचौघांत अशी सांगे, जणू मोठे उपकारच केले होते.

लेक इंजिनिअरिंगला होती. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, ते संपलं की शाखा निवडायची. फॉर्मवर पालकाची सही हवी आणि तो शुक्रवारी दुपारच्या आत गेला पाहिजे. साडेसातचं ठरलेलं होतं: कॉम्प्युटर सायन्स. खुर्ची, टेबल, स्क्रीन आणि दहाही बोटं जागेवर. या घरातलं कुणी पुन्हा मशीनला हात लावणार नाही, अशी शपथ त्याने इस्पितळाच्या खाटेवर घेतली होती.

बुधवारी संध्याकाळी लेकीने फॉर्म त्याच्या ताटाशेजारी ठेवला. पहिल्या पसंतीपुढे लिहिलं होतं, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग.

“हे तेच ना?” त्याने विचारलं.

“सख्खी भावंडं आहेत बाबा, पण एक नाहीत. सायन्समध्ये सगळा भर प्रोग्रॅमवर. यात प्रोग्रॅम आहेच, शिवाय तो ज्या सर्किटवर चालतो ते, आणि ते सर्किट ज्या मशीनला जोडायचं ती मशीनही.”

“मशीन?”

“हो. तुमच्या प्रेससारखी.”

ताट भिंतीवर गेलं. बायको सवयीने फडकं आणायला उठली. पोरगी जागची हलली नाही. हट्टाच्या बाबतीत ती बापाचीच होती.

“सही करणार नाही,” तो ओरडला. “माझा हात बघ! हे करून घ्यायचंय तुला?”

“बघितलाय. रोज बघते. आमच्या वर्कशॉपातही तसलीच जुनी प्रेस आहे. दोन टोकांना दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली येते. म्हणजे ती येताना हात आत असूच शकत नाही. मग तुमचा हात आत कसा होता?”

“तुझ्या काकाने दाबलं ते बटण! हजारदा सांगितलंय!”

“काका पलीकडून तयार झाकणं उचलत होता, असं तुम्हीच सांगता. तिथून डाव्या बटणापर्यंत कुणाचा हात पोचेल?”

उजवा हात सुटला. पोरीचं तोंड टेबलाच्या कडेवर आदळलं, ओठ फाटला, रक्त फॉर्मच्या कोपऱ्यावर पडलं. पुढच्याच क्षणी साडेसातच्या खांद्यावर काहीतरी कडाडलं. बायकोच्या हातात पातेलं होतं. बावीस वर्षं ती हात चुकवत आली होती. तिने दुसरा तडाखाही घातला, आणि तो खाली बसला.

“आता उचल हात,” ती म्हणाली.

त्याने उचलला नाही. खरं उत्तर त्याला अकरा वर्षं ठाऊक होतं. डाव्या बटणात त्याने लाकडाची पाचर ठोकली होती. बटण दाबलेलंच राहायचं, म्हणजे उजव्या हाताने प्रेस पाडायची आणि डाव्याने पत्रा सारायचा. शिफ्टमध्ये त्याच्याएवढी झाकणं कुणाची होत नसत, आणि त्याला त्याची भारी मिजास होती. चौकशीत साहेबांनी विचारलं, डावं बटण कुणी दाबलं? पाचर तर कुणालाच सापडली नव्हती. त्याने धाकट्या भावाचं नाव घेतलं. भावाची नोकरी गेली. तो जाब विचारायला आला, तर साडेसातने पान्याने त्याचा जबडा मोडला. खोटं इतक्या जोराने ठोकलं की पुढे त्याला स्वतःलाही ते जवळजवळ खरं वाटू लागलं होतं.

गुरुवारी कामावर न जाता तो भावाच्या सायकलच्या दुकानात गेला. भाऊ चाकाच्या तारा आवळत होता. त्याचं तोंड अजून एका बाजूलाच उघडायचं.

“पाचर मी मारली होती,” साडेसात म्हणाला.

“ठाऊक आहे,” भाऊ मान वर न करता म्हणाला. “मीच काढली ती. तू बेशुद्ध पडला होतास, साहेब धावत येत होते. पाचर दिसली असती तर तुझी भरपाई बुडाली असती, दादा. म्हटलं, शुद्धीवर आला की खरं बोलेल.”

भाऊ उठला, हात पुसले आणि त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. मग दुसरा. साडेसात सायकलींवर कोसळला, त्यांच्यासकट जमिनीवर गेला. एक दात पडला. त्याने एकदाही हात वर केला नाही.

“आता घरी जा,” भाऊ धापा टाकत म्हणाला. “आणि हे पोरीला सांग. मला सांगून काय उपयोग?”

शुक्रवारी सकाळी बापलेक टेबलाशी समोरासमोर बसले, दोघांचीही तोंडं सुजलेली. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही, आणि माफ केलं असंही म्हणाली नाही.

“पाचर ओळखता येते मशीनला?” त्याने विचारलं.

“येते. प्रत्येक वेळी दोन्ही बटणं सुटली की नाही, ते बघायचं. एखादं सुटलं नसेल तर प्रेस पडूच द्यायची नाही. थोडं सर्किट, थोडा प्रोग्रॅम. तेच शिकायचंय मला.”

फॉर्म दोघांच्या मधे होता. कोपऱ्यावरचा डाग वाळून काळा पडला होता. पेन तिच्याजवळ होतं. ते घ्यायला त्याने उजवा हात पुढे केला, तशी ती झटकन मागे सरली आणि तिचा कोपर चेहऱ्यासमोर आला.

साडेसातने हात मागे घेतला. मग दोन्ही हात टेबलाच्या दोन टोकांना पालथे ठेवले, प्रेसच्या दोन बटणांवर ठेवायला हवे होते तसे, आणि तिथून हलवले नाहीत.

“तू सावकाश सरकव,” तो म्हणाला. “मी थांबतो.”

बऱ्याच वेळाने तिने पेन सरकवलं.