आम्हाला परवडलेलं घर

मंडळी, आज सकाळी लेकीचा बंगळुरूहून फोन आला. नवी नोकरी लागलीय, घर शोधतेय. "बाबा, स्वस्त आणि सगळ्या प्रकारची माणसं राहतात असा एरिया तुम्ही कसा निवडलात?"

ऐंशीच्या दशकात मी आणि बायको नांदेडहून इथे, नव्याने वसणाऱ्या शहरात आलो. आमचं आडनाव ऐकलं की रिकामी खोली लगेच "कालच गेली" व्हायची. शहरालगतच्या बोनकोडे गावात घरमालकीण जनाबाईंनी मात्र आडनाव विचारलंच नाही. खोली दिली, वर स्वतःच्या विहिरीचं पाणी आमच्या हंड्यात भरून दिलं.

पुढे गावाशेजारच्या नव्या वसाहतीत आम्हाला परवडणारं घर मिळालं. शेजारी मल्याळी, पंजाबी, मुसलमान, सगळे. मी हौसेने जनाबाईंना घर दाखवायला नेलं.

त्या दारातच थांबल्या.

"भाऊ, यो आमचा भाताचा शेत. सरकारनी घेतला. आमचा मालक त्याच दुःखानं गेला."

मी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. "सुखानं ऱ्हावा," म्हणाल्या आणि निघाल्या. पुन्हा कधी आमच्याकडे आल्या नाहीत.

लेकीला मी पाण्याचं, स्टेशनचं, शेजाऱ्यांचं सांगितलं. जनाबाईंचं सांगता आलं नाही.

तुम्ही राहता ती जमीन आधी कोणाची होती, तुम्हाला ठाऊक आहे?